निकस मातीतलं मूळ आणि जागोजागी आडवं आलेलं फॉस्फेट

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या संशोधन गटाचं आहे. गटात एक मार्गदर्शक, पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी, रोपवाटिका सांभाळणारा एक सहायक आणि मी. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. चुका झाल्या त्या आमच्याच, आणि त्या सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

अभ्यासाची वनस्पती लव्हाळ्याच्या कुळातली, म्हणजे सायपरेसी कुळातली. खडकाच्या भेगांत बोटभर माती साठते, तिथे ती उगवते. ही माती आम्लधर्मी, फार जुनी, पावसानं युगानुयुगं धुऊन काढलेली. अशा मातीत सगळ्यात मोठा दुष्काळ असतो तो स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. मुळं तो फॉस्फेटच्या रूपात घेतात. हवेतलं नत्र स्थिर करणारे जिवाणू असतात, त्यामुळे नत्राची भर पडत राहते. स्फुरद मात्र मुळात खडकातून येतो. एकदा धुऊन गेला किंवा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटून बसला की मुळांच्या हाती लागत नाही. नव्या जमिनीत नत्र कमी पडतं आणि जमीन जुनी होत जाते तसा स्फुरद कमी पडू लागतो, ही मांडणी वॉकर आणि सायर्स यांनी १९७६ मध्ये केली. आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते.

स्फुरदासाठी बहुतेक वनस्पती बुरशीशी संगनमत करतात. सुमारे ७० टक्के संवहनी वनस्पतींच्या मुळांत अर्बस्क्युलर मायकोरायझा, म्हणजे मुळात शिरून राहणारी अशी बुरशी, सापडते. पण ज्या जमिनीत स्फुरद अगदीच नगण्य, तिथे बुरशीचे तंतू लांबवर पसरूनही फारसा उपयोग नसतो, कारण पाण्यात विरघळलेलं असं काही जवळपास नसतंच. तिथे चिकटलेला स्फुरद उकरून काढावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागातल्या प्रोटिएसी कुळातल्या झाडांना त्यासाठी झुबकेदार मुळं येतात. हेलन पर्नेल यांनी १९६० मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं. ही मुळं सिट्रेट, मॅलेट अशी सेंद्रिय आम्लं सोडून मातीतला स्फुरद सुटा करतात. ब्राझीलच्या काम्पो रुपेस्त्रे या खडकाळ माळांवर बार्बासेनिया या वनस्पतीच्या काही जातींची मुळं थेट क्वार्ट्झाइटमध्ये शिरतात आणि आम्लं सोडून खडकातूनच स्फुरद मिळवतात. देशाच्या भूभागाच्या एक टक्क्याहून कमी जागा व्यापणाऱ्या या माळांवर त्या देशातल्या सुमारे १५ टक्के वनस्पतिजाती राहतात. माती निकस आहे म्हणजे तिथलं जीवन दरिद्री आहे, असं मुळीच नाही.

आमच्या लव्हाळ्याला येतात गाजरासारखी मुळं. भिंगाखाली पाहिलं की बारीक उपमुळाचा मधला भाग फुगलेला दिसतो, टोकाकडे निमुळता होत गेलेला, आणि त्याच्यावर इतके दाट, लांब मूळरोम की मातीचा कण न कण धरून ठेवलेला. पाण्यात हलवलं तरी ती माती सहज सुटत नाही. तिथेच सूक्ष्मजीवांची वस्ती सर्वांत दाट असते. मुळालगतच्या या पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये दिलं.

प्रश्न सरळ होता: या वस्तीमुळे रोपाला स्फुरद मिळायला मदत होते का?

अडचण

पहिला प्रयोग साधा आखला होता. खडकाच्या भेगांतली माती आणायची, निम्मी जिवंत ठेवायची, निम्मी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसवर निर्जंतुक करायची. बीजाणू तग धरतात म्हणून दिवसाआड दोनदा. मग दोन्हींत रोपं लावायची आणि बारा आठवड्यांनी तोलायची. सूक्ष्मजीव उपयोगाचे असतील तर जिवंत मातीतली रोपं जोमदार दिसतील, अशी आमची अटकळ.

घडलं उलटं. निर्जंतुक मातीतली रोपं उंच, रुंद पानांची, गडद हिरवी. जिवंत मातीतली खुरटी. विद्यार्थिनी कुंड्यांच्या रांगेसमोर उभी राहून म्हणाली, "ताई, म्हणजे आपले जिवाणू रोपांचं वाईटच करतायत?"

त्याच सुमारास रोपवाटिकेत दुसरं संकट उभं राहिलं. पुढच्या फेरीसाठी वाढवलेल्या रोपांची पानं टोकाकडून पिवळी, मग तपकिरी पडू लागली. जुनी पानं आधी. सहायकानं ती पाहिली आणि अनुभवी माणूस जे करील तेच केलं: रोप पिवळं म्हणजे उपाशी, म्हणून नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या १९:१९:१९ खताची मात्रा वाढवली. आठवड्याभरात मर वाढली.

एकीकडे मेलेली माती रोपांना मानवते, दुसरीकडे खाऊ घातलेली रोपं मरतात. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मला वाटतं, या प्रकरणातली मोठी चूक हीच. दोन अडचणी दोन वहीत लिहिल्या गेल्या.

पर्यायांचा विचार

पहिला निर्णय: उलट आलेल्या निकालाचं काय करायचं? गटात तीन मतं होती.

एक, निकाल आहे तसा मांडावा. मुळाशी रोगकारक बुरशी असतात, सूक्ष्मजीव स्वतःही स्फुरद पळवतात, तेव्हा जिवंत माती रोपाला महागात पडू शकते. हे अशक्य नाही. एकाच जातीची रोपं वाढत आलेल्या मातीत त्या जातीच्या पुढच्या पिढीचं नुकसान होतं, असे दाखले पुष्कळ आहेत.

दोन, दोन्ही मातींना सारखं खत द्यावं म्हणजे तुलना न्याय्य होईल. हे मत माझं होतं. आज त्याची लाज वाटत नाही, पण ते चुकीचं होतं. निकस मातीतलं नातं पाहायचं तर निकसपणाच काढून घेऊन चालत नाही. हिरुमा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की कोलेटोट्रिकम टोफिएल्डी ही बुरशी अरॅबिडॉप्सिसला, म्हणजे प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या रोपाला, स्फुरद पोचवते आणि वाढीला मदत करते, पण स्फुरद तुटपुंजा असेल तेव्हाच. पोटभर मिळालं की ती मदत दिसेनाशी होते. कास्त्रियो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याला जोडणारा दुवा दाखवला. उपासमारीची जाणीव करून देणारं पीएचआर१ हे प्रथिनच रोपाची प्रतिकारशक्तीही आवरतं. म्हणजे दाराशी आलेल्या सूक्ष्मजीवाला आत घ्यायचं की हाकलायचं, हे रोप आपली स्फुरदाची शिल्लक पाहून ठरवतं. तिथे आपणच वरून खत ओतलं तर प्रश्नच पुसला जातो. हे दोन्ही शोधनिबंध मी वाचलेले होते, तरी खताचं सुचवलं मीच.

तीन, आधी मातीच तपासावी. हे मार्गदर्शकांचं मत. "मातीत काय बदललं ते न बघता जिवाणूंना कशाला दोष देता?" एवढंच ते म्हणाले.

केलेली कृती

दोन्ही मातींचे नमुने ब्रे पद्धतीनं तपासले. ही पद्धत आम्लधर्मी मातीसाठी आहे. ओल्सेनची चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीसाठी. ऑटोक्लेव्ह केलेल्या मातीत मोकळा स्फुरद स्पष्टपणे जास्त निघाला. अमोनियम आणि मँगनीजही वाढलेलं.

कारण नंतर अगदी उघड वाटलं. निकस मातीतला सगळाच स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटलेला नसतो, बराचसा सूक्ष्मजीवांच्या पेशींत असतो. न्यूक्लिक आम्लं, पेशीपटल, सगळीकडे फॉस्फेट. उष्णतेनं त्या पेशी फुटल्या आणि वर्षानुवर्षं जपून ठेवलेली पुंजी एका तासात मातीत सांडली. म्हणजे "निर्जंतुक" कुंडी ही खरं तर खत घातलेली कुंडी होती, आणि ते खत होतं सूक्ष्मजीवांच्याच देहांचं. तीच माती जिवंत असताना रोपाला त्यातलं थोडं थोडं, वाट पाहून मिळणार होतं. आम्ही तुलना केली होती सावकाश हप्त्यांची आणि एकरकमी वाटपाची.

इथे पुन्हा तीन वाटा होत्या. गॅमा किरणांनी निर्जंतुकीकरण: त्यात मातीची घडण कमी बिघडते, पण मेलेल्या पेशींतला स्फुरद तेव्हाही सुटतोच. नुसती वाळू: स्वच्छ, पण या रोपाच्या मुळांना जे लोहबद्ध स्फुरद फोडायचं आहे तेच त्यात नाही. तिसरी वाट, थोड्या मातीचं विरजण. सगळ्या कुंड्यांत नव्वद टक्के एकाच ढिगातली निर्जंतुक माती, आणि वर फक्त दहा टक्के वेगळं: एका गटात रोपाच्या घरची, म्हणजे भेगेतली जिवंत माती, एकात तीच माती मारून, एकात सुपीक बागेतली जिवंत माती. पार्श्वभूमी सर्वांना सारखी, म्हणून तिच्यातून सुटलेला स्फुरदही सर्वांना सारखा. शिवाय ती पार्श्वभूमी लावणीआधी ऊर्ध्वपातित पाण्यानं अनेकदा धुऊन घेतली. आम्ही तिसरी वाट धरली. जिवंत माती कमी लागते, हेही एक कारण होतं. भेगेतली माती उकरणं म्हणजे त्या रोपाचं घर उपसणं, आणि हे रोप फार सावकाश वाढतं.

रोपवाटिकेतली मर याच तपासणीमुळे उलगडली. विद्यार्थिनीनं मेलेल्या रोपांची मुळं धुऊन भिंगाखाली ठेवली, तेव्हा एकही गाजरमूळ दिसलं नाही. फॉस्फेट भरपूर असलं की ही मुळं येतच नाहीत. पानांत स्फुरद साचलेला निघाला. प्रोटिएसी कुळातल्या अनेक झाडांबाबत हे माहीत आहे: हेकिया प्रोस्ट्रेटासारख्या जातीला स्फुरद आत घेणं आवरता येत नाही, कारण तिच्या पूर्वजांना तशी वेळच आली नाही. समोर आलं ते सगळं ओढून घेते आणि विषबाधा होऊन मरते. आमच्या रोपांचंही लक्षण तेच होतं. पिवळेपणा उपासाचा नव्हता, अजीर्णाचा होता. खत बंद करून कुंड्या धुतल्यावर उरलेल्या रोपांना नवी हिरवी पानं आली, आणि काही आठवड्यांनी गाजरमुळंही.

इथे थांबून आम्ही फॉस्फेटचा माग काढायला हवा होता. तसं केलं नाही, आणि ते तिसऱ्यांदा आडवं आलं.

दुसऱ्या फेरीत मुळालगतच्या मातीतलं फॉस्फेटेज मोजायचं होतं. सेंद्रिय संयुगांतला फॉस्फेट तोडून मोकळा करणारं हे विकर. मोजणी दिसायला देखणी असते. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट घालायचं, उबवायचं, मग अल्क घालून थांबवायचं. विकरानं काम केलं असेल तर नळी पिवळी होते. जितका पिवळा गडद तितकं काम जास्त. विद्यार्थिनीनं नळ्या ओळीनं लावल्या, सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, आणि नळ्या जवळपास पाण्यासारख्या राहिल्या. शेवटची एकच नळी पिवळीधमक. त्या नळीत धुवायचं राहून गेलेल्या मुळाचा तुकडा होता.

बाकीची मुळं कशात धुतली? फॉस्फेट बफर सलाइनमध्ये. सूक्ष्मजीव सुटे करण्यासाठी प्रयोगशाळेत हेच वापरतात, पीबीएस म्हणून बाटली कायम टेबलावर असते. त्यात फॉस्फेट सुमारे १० मिलिमोलर. मातीतल्या पाण्यात ते बहुधा १० मायक्रोमोलरच्याही खाली असतं. म्हणजे हजारपट. फॉस्फेट हे फॉस्फेटेजचं स्वतःचंच उत्पादन, आणि उत्पादन साचलं की हे विकर थंडावतं. वर त्याच धुवणात आम्ही सुटा स्फुरद मोजणार होतो! त्या दिवशीचे सगळे नमुने बाद झाले. पुढचे ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात धुतले.

मग मात्र मार्गदर्शकांनी सगळ्यांना बसवलं आणि प्रत्येक टप्प्यावर फॉस्फेट कुठून येतं याची यादी करायला लावली. दोन तास लागले. त्यातून दोन गोष्टी वेळेत सापडल्या.

पहिली, मातीतले जिवाणू बशीत वाढवायच्या अगर माध्यमाची. माध्यमातलं फॉस्फेट आणि अगर एकत्र ऑटोक्लेव्ह केलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू वसाहती धरत नाहीत, हे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं होतं. दोन्ही वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळायचं, एवढाच उपाय. तो केला, माध्यम दहापट पातळ केलं आणि बशा दोन-तीन दिवसांत टाकून न देता सहा आठवडे ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यानंतर टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसायला लागल्या. आधीच्या घाईत या सगळ्या कचऱ्यात गेल्या असत्या.

दुसरी गोष्ट स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, निवडण्याची. प्रचलित पद्धत पिकोव्स्कायाच्या माध्यमाची, १९४८ पासूनची. त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं आणि लिटरमागे १० ग्रॅम ग्लुकोज. वसाहतीभोवती पारदर्शक वलय दिसलं की जिवाणू कामाचा. पण आमच्या मातीतला स्फुरद कॅल्शियमशी बांधलेला नव्हताच, लोह आणि ॲल्युमिनियमशी होता. साखरेच्या मेजवानीत आम्ल सोडून कॅल्शियम फॉस्फेट विरघळवणारा जिवाणू लोहाच्या गाठी सोडवीलच असं नाही. म्हणून आम्ही वलयं पाहिली पण त्यावर निवड केली नाही. लोह फॉस्फेट, ॲल्युमिनियम फॉस्फेट आणि फायटेट (स्फुरदाचं एक सेंद्रिय रूप) असलेल्या पातळ द्रव माध्यमात प्रत्यक्ष किती स्फुरद सुटतो ते मोजलं. सर्वांत मोठं वलय देणारे जिवाणू या यादीत वर नव्हते.

जनुकीय तपासणीचं थोडक्यात सांगते. जिवाणू ओळखण्यासाठी त्यांचं १६एस जनुक वाचताना वनस्पतीचं हरितलवक आणि तंतुकणिकाही जिवाणू म्हणून मोजली जातात, कारण ती मूळची जिवाणूंच्याच वंशातली. मुळाच्या आतल्या नमुन्यांत तर तीच सगळी जागा अडवतात. त्यांच्या जनुकाच्या प्रती होऊ न देणारे पीएनए क्लॅम्प, म्हणजे डीएनएला घट्ट चिकटणारे कृत्रिम तुकडे, वापरले. शिवाय मातीच नसलेल्या कोऱ्या नळ्या प्रत्येक टप्प्यातून नेल्या, कारण नमुन्यात डीएनए कमी असला की रसायनांतले जिवाणूच "सापडतात".

निष्पत्ती

बारा आठवड्यांचं वजन तिन्ही गटांत फारसं वेगळं निघालं नाही. ज्याची सर्वांत जास्त वाट पाहिली होती त्यातच फरक नव्हता. पण घरच्या जिवंत मातीचं विरजण मिळालेली रोपं जास्त जगली आणि त्यांच्या पानांत स्फुरद थोडा जास्त होता. बागेतल्या मातीच्या गटात रोपारोपांत इतकी तफावत होती की त्यावरून काही म्हणणं धाडसाचं ठरलं असतं. आणि ज्या कुंड्यांना मुद्दाम फॉस्फेट दिलं होतं, त्यांत तिन्ही गट सारखे झाले, गाजरमुळंही गेली.

हा निकाल लहान आहे, पण पहिल्या फेरीच्या बरोबर उलट आहे. पहिला आम्ही छापला असता तर तो चुकीचा ठरला असता. कुठल्या एका जिवाणूकडे बोट दाखवता आलं नाही. फॉस्फेटेज रोपाच्या मुळाचं किती आणि सूक्ष्मजीवांचं किती, हेही वेगळं करता आलं नाही. विद्यार्थिनीनं प्रबंधात पहिल्या फेरीचं पूर्ण प्रकरण घातलं. ते काढून टाकावं असं सुचवणारेही होते. ती ठाम राहिली, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

वेगळं काय करता आलं असतं

फॉस्फेटची यादी पहिल्या आठवड्यात करायला हवी होती. ती शेवटी दोन तासांत झाली; आधी न केल्यामुळे एक हंगाम गेला. प्रयोगशाळेतली बहुतेक साधनं सुपीक परिस्थितीतल्या जिवांसाठी बेतलेली आहेत: खत, बफर, माध्यम, दोन दिवसांत बशी पाहण्याची सवय. निकस मातीतला जीव त्यांच्यापुढे ठेवला की साधनच त्याची परिस्थिती बदलून टाकतं.

रोपवाटिकेतल्या सहायकाला या रोपाबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. खत वाढवण्याचा निर्णय त्याचा होता, पण दोष आमचा. पिवळं पान दिसलं तर हात आखडायचा, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पुढच्या बैठकींना तो हजर असायचा, आणि गाजरमुळं परत आल्याचं पहिल्यांदा त्यानंच पाहिलं.

अजून एक खंत आहे. उलट निकाल आल्यावर आम्ही पहिल्या फेरीच्या कुंड्या घाईघाईनं रिकाम्या केल्या, पुढच्या फेरीसाठी जागा हवी होती म्हणून. त्या निर्जंतुक कुंड्यांत बारा आठवड्यांत हवेतून, पाण्यातून नवी वस्ती नक्कीच आली असणार. सांडलेल्या स्फुरदावर आधी कोण वाढलं, त्यातलं किती त्यांनी पुन्हा आपल्या पेशींत साठवलं, रोपाच्या वाट्याला किती आलं, हे सगळं त्या मातीत होतं. प्रत्येक कुंडीतली चमचाभर माती उणे ८० अंशांवर ठेवायला एक कप्पा पुरला असता.